मुरमाड माळावर काय लावावं: सीताफळ की डाळिंब?

पहार मारली की ठिणगी उडते अशी जमीन असेल, तर मी आधी सीताफळच लावेन. उन्हाळ्यात ते पानं गाळून गप्प बसतं, पाऊस आला की पालवतं. शेळीही पाल्याला तोंड लावत नाही, म्हणजे राखणीचा ताप कमी. पुरंदरच्या डोंगरउतारांवर ते उगाच नाही रुजलं! खोट एकच: डोळे उघडलेलं (म्हणजे सालीवरच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावलेलं, तयार) फळ तोडलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, मग बाजार गाठायची धावपळ.

डाळिंबही मुरमात खुलतं, सोलापूरकडच्या सांगोल्याने ते दाखवलंय. फळ टिकतं, 'भगवा' या जातीला मागणीही आहे. पण ठिबक हवं, बहार धरताना, म्हणजे झाड हव्या त्या वेळी फुलवताना, पाणी तोडून द्यायचा ताण नेमका जमायला हवा, आणि तेल्या रोग आला की काळे डाग पडून फळ तडकतं. शेततळं नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.