मेनफ्रेमवर सुसे की रेड हॅट?

आयबीएम झेडवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, लिनक्स टाकायचंय पण सुसेचं की रेड हॅटचं, यावर ऑफिसात दोन तट पडलेत ना? ब्रोशर ठेवा बाजूला. खर्चाचं म्हणाल तर दोघांचंही सबस्क्रिप्शन आयएफएल (मेनफ्रेममधले लिनक्ससाठी राखलेले प्रोसेसर) मोजून, म्हणजे तिथे घासाघीस करूनच काय ते सुटेल.

आधी मशीन कोणतं ते बघा. रेड हॅटच्या लिनक्सला, म्हणजे आरएचईएल ९ ला, किमान झेड१४ मॉडेल लागतं, तुमच्याकडे अजून झेड१३ असेल तर एसएलईएस १५ (सुसेचं लिनक्स) घ्या, विषयच संपला. अपडेट फसलं तर सुसेत रूट (सिस्टीमच्या मुख्य फायली) बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमवर असल्यामुळे स्नॅपर या टूलने मागच्या स्नॅपशॉटवर (आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) परत येता येतं, रात्री दोनला ह्याची किंमत कळते, रेड हॅटने तर बीटीआरएफएस आठव्या आवृत्तीपासून काढूनच टाकलं. मेनफ्रेमवर सुसे २००० पासून आहे, तो मुरलेपणा जाणवतो.

पण बाकीचे एक्स८६ (साधे इंटेल-एएमडी प्रोसेसरवाले) सर्व्हर आधीच आरएचईएलवर असतील तर किकस्टार्ट (आपोआप इन्स्टॉल करणारं), अ‍ॅन्सिबल (सर्व्हरची सेटिंग आपोआप करणारं) सगळं ओळखीचं, टीमला नवीन काही शिकवायला नको. ओपनशिफ्ट (कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेले प्रोग्रॅम, चालवायचं रेड हॅटचं सॉफ्टवेअर) चालवायचं असेल तर मग रेड हॅटच. (२०१९ पासून कंपनी आयबीएमचीच आहे, कुणाला हे सोयीचं वाटतं, कुणाला एकाच दावणीला बांधल्यासारखं.)

झेड/व्हीएम (मेनफ्रेमवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) वापरणारी जुनी टीम, नुसता डेटाबेस: सुसे. कंटेनर आणि मिक्स सर्व्हर: रेड हॅट.