गच्चीवर शेवंती की झेंडू?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर चार वर्षं दोन्ही लावून बघितलं. आता कुणी विचारलं तर मी झेंडू म्हणतो, पण जरा नाइलाजाने.

शेवंतीचं फूल देखणं, पाण्यात ठेवलं तर आठवडाभर टवटवीत. तिच्या मुनव्यांतून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांतून, पुढच्या वर्षीची रोपं घरचीच होतात, शेंडे खुडत गेलं की झाड डेरेदार होतं. कोवळ्या शेंड्यांवर मावा ही कीड पडते, पण तशी झेंडूलाही कोळी ही कीड लागतेच. खरी गोम वेगळीच आहे. शेवंती वयावर फुलत नाही, रात्रीवर फुलते. रात्र मोठी व्हायला लागली की कळी धरायची, असा तिचा हिशोब. आणि ती रात्र मधे न तुटता अंधारी हवी.

आमच्या घरासमोरच्या खांबावर नवा पांढरा दिवा लागला त्या वर्षी हे कळलं. कठड्यावरच्या सहा कुंड्या दिवाळी उलटून गेली तरी हिरव्यागार, पानं तळहाताएवढी, कळीचा पत्ता नाही. मी खत बदललं, पाणी कमी केलं, नर्सरीवाल्याला नावं ठेवली. डिसेंबरात टाकीमागे सरकवून विसरलेली सातवी कुंडी सापडली, ती फुलांनी पिवळीधमक! खत तेच, माती तीच. फक्त टाकीमुळे तिच्यावर दिव्याचा उजेड पडत नव्हता. शेवंतीचे शेतकरी बहर पुढे ढकलायला शेतात रात्री बल्ब लावतात आणि लवकर हवा असेल तर काळं कापड घालतात, हे मी वाचलं होतं. आपल्याकडे तोच प्रयोग फुकटात चाललाय, हे मात्र सुचलं नाही.

पुढच्या वर्षी संध्याकाळी ६ ते सकाळी ७ काळं कापड टाकून बघितलं. कळ्या आल्या. पण रोज कोण करणार? एकदा लग्नाला चार दिवस कोल्हापूरला गेलो, तेवढ्यात शेजाऱ्यांनी कापड चोवीस तास तसंच ठेवलं, म्हणजे दिवसाचा उजेडही बंद.

झेंडूचं तसं नाही. तो दिव्याचं एवढं मनावर घेत नाही, रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल. दसरा २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे २० ऑक्टोबरला. मी सरळ पंचांग उघडतो आणि उलटे ६० दिवस मोजतो. शेवंती सूर्याचं ऐकते, आपले सण चंद्राचं, मग तिचा मेळ बसला तर नशीब. झेंडू परतीच्या पावसात सापडला तर फुलं भिजून काळी पडतात, हे खरं. शिवाय त्याला तो वासही नाही.

तुमच्या गच्चीवर रात्री खरोखर काळोख असेल, तर माझं ऐकू नका, शेवंतीच लावा. आमच्याकडे आता कठड्यावर झेंडू आणि टाकीमागे शेवंतीच्या दोन कुंड्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारांपुरत्या सौ.ला तेवढ्या पुरतात.