‘डेमो पीस’ म्हणून विकलेला पुरातला जनरेटर

जनरेटरवाल्यांच्या एका संघटनेचं दोन दिवसांचं अधिवेशन. आत हॉलमध्ये भाषणं आणि स्टॉल, बाहेर मंडपाशेजारी 125 केव्हीए ताकदीचा चकचकीत जनरेटर सेट सुरू. त्यावर फलक: ‘डेमो पीस, फक्त 3 तास चाललेला, किंमत आज संध्याकाळपर्यंतच’. तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शीतगृहाने जानेवारीत तो घेतला. कंपनीच्या कोटेशनपेक्षा बरेच पैसे वाचले, म्हणून मालक खूश. मे महिन्यात सेट गरम होऊन बंद पडायला लागला आणि जूनच्या पहिल्या पावसात अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, जळाला. कॅनॉपी (सेटभोवतीची पत्र्याची पेटी) उघडल्यावर कळलं, की हा सेट कधीतरी पुरात बुडालेला आहे.

सांगलीला हे नवं नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जनरेटर बहुतेक ठिकाणी तळमजल्याला नाहीतर कंपाउंडच्या कोपऱ्यात असतो, म्हणजे बुडायला पहिला. विमा कंपनीने दावा मंजूर केला की ते सेट भंगारच्या भावात जातात. त्यात बेकायदा काही नाही. गाळ धुऊन, ऑइल-फिल्टर बदलून, रंग मारून तेच धूड ‘डेमो’ म्हणून उभं केलं, की फसवणूक सुरू होते.

अधिवेशनात हे खपतं, कारण तिथे सेट चालू असलेला दिसतो. विक्रेता सांगत होता, ‘मंडपाचे सगळे दिवे याच्यावर आहेत.’ होतेही. पण मंडपात एलईडी दिवे आणि स्पीकर. कंट्रोलरच्या पडद्यावर करंट 9 अँपिअर दिसत होता. 125 केव्हीएचा पूर्ण लोड म्हणजे 415 व्होल्टला सुमारे 174 अँपिअर. म्हणजे सेट जवळजवळ रिकामा पळत होता. रिकामा पळणारा सेट ना तापतो, ना धूर टाकतो, ना त्याची फ्रिक्वेन्सी पडते. आकडा सगळ्यांसमोर होता, वाचला कुणी नाही.

शीतगृहात 50 एचपीचा कॉम्प्रेसर आहे. चालू लोड 67 अँपिअरच्या आसपास, स्टार-डेल्टाने (सुरुवातीचा झटका कमी करणाऱ्या स्टार्टरने) उचलतानाही क्षणभर त्याच्या दुप्पट. जानेवारीत गारठा असल्यामुळे भागलं. एप्रिल-मेमध्ये माल भरलेला, उन्हाचा तडाखा, लाइट जाणं वाढलेलं. सेट सलग दोन-तीन तास चालायला लागला तशी रेडिएटरची खरी अवस्था बाहेर आली. पंख्याच्या बाजूने रेडिएटर स्वच्छ दिसत होता. कोअरच्या आत पट्ट्यांमध्ये गाळ दगडासारखा बसला होता. हवा पार होईना, पाण्याचं तापमान शंभराकडे गेलं की सेट स्वतःला बंद करी. विक्रेत्याच्या माणसाने तीनदा कूलंट बदलून पैसे घेतले. रेडिएटर उतरवून बघितला असता तर बिंग तेव्हाच फुटलं असतं.

अल्टरनेटरचं दुखणं वेगळं. बुडालेली वाइंडिंग (तांब्याच्या तारांची गुंडाळी) नुसती उन्हात वाळवली, तर वरून कोरडी होते, पण ती बसते त्या खाचांमध्ये बारीक गाळ राहतो. तो गाळ हवेतला ओलावा धरून ठेवतो. उन्हाळ्यात मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजणारं मीटर) बरा आकडा दाखवतो आणि पावसाळ्यात आकडा घसरतो. म्हणून जानेवारीच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. चांगला, कोरडा अल्टरनेटर 500 व्होल्टच्या मेगरवर सहसा शंभर मेगाओहमच्या वर दाखवतो. एकदोनवर आला असेल तर सेट चालवूच नका, आधी वाइंडिंग तापवून वाळवून घ्या. आणि मेगर लावण्याआधी एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) सोडवा, फिरते डायोड शॉर्ट करा. नाहीतर तपासता तपासताच ते उडतात.

बुडालेला सेट ओळखायला यंत्र लागत नाही. कॅनॉपीच्या आत खालच्या अंगाला हात घाला. आवाज अडवायला लावलेला फोम आणि त्यावरची जाळीची शीट धुतली जाते, पण फोमच्या पोटातला गाळ निघत नाही. स्क्रू काढून कोपरा चिमटीत दाबा. वाळलेला गाळ पिठासारखा बोटाला लागतो. या सेटच्या फोममध्ये साधारण दोन फुटांवर आडवी काळसर रेघ होती, पाणी थांबलं त्याची. बेसफ्रेमच्या चॅनलच्या आतल्या कडा, वायरिंगच्या काळ्या नळ्यांचे खालचे वळसे, बॅटरीखालची पत्री, ही रंगवणाऱ्याचा ब्रश न पोहोचणारी ठिकाणं. उलटंही बघा: रबरी होजवर, बोल्टच्या डोक्यावर, स्टिकरच्या कडेवर रंग चढलेला असेल तर विचारा, 3 तास चाललेल्या सेटला रंग का मारावा लागला. तासांच्या मीटरवर तर विश्वासच नको. कंट्रोलर बदलला की तो शून्यापासून मोजतो.

दुसरी खूण कागदाआधी दिसणारी. 1 जुलै 2023 पासून 800 किलोवॅटपर्यंतच्या नव्या डिझेल सेटना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, म्हणजे सीपीसीबीचे, धुराबद्दलचे फोर-प्लस नियम आहेत. या ताकदीच्या सेटला त्यामुळे सहसा धुराच्या वाटेवर एससीआर (धूर स्वच्छ करणारा भाग) आणि शेजारी त्याला लागणाऱ्या डीईएफ या युरियाच्या द्रावाची वेगळी टाकी असते. इथे टाकी नव्हती. विचारल्यावर उत्तर आलं, ‘हे सुधारित मॉडेल आहे, डीईएफचा खर्च वाचतो.’ वाचणारा खर्च सगळ्यांनाच आवडतो. सीपीसीबीच्या मंजुरीचं लेबल इंजिनवर आणि सेटवरही असायला लागतं, त्यावर प्रमाणपत्राचा नंबर असतो. कॅनॉपीवर छापील स्टिकर होता, इंजिनवर काहीच नव्हतं.

स्टॉलवर उभं राहूनच एक काम होतं. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आणि अल्टरनेटरच्या पाटीवरचा नंबर यांचे फोटो काढा आणि इंजिन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवा. कधी बनला, कुठे बसला, वॉरंटी सुरू झाली का, हे त्यांच्या नोंदीत असतं. विक्रेता ‘नंबर डिलिव्हरीला देतो’ म्हणाला तर चहा पिऊन निघा. या प्रकरणात बिलावर फक्त ‘डीजी सेट, एक नग’ होतं, नंबर नाही, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘जसा आहे तसा’. वॉरंटी कार्ड विक्रेत्याच्याच लेटरहेडवर. आगाऊ तीस टक्के रक्कम फर्मच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने गेली होती. स्टॉलवर संघटनेच्या सदस्यत्वाची पाटी मात्र ठळक होती. सदस्यत्व वर्गणी भरून मिळतं. सेट तपासून कुणी देत नाही.

लोड टेस्टशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. भाड्याने लोड बँक, म्हणजे सेटवर हवा तेवढा लोड टाकणारं यंत्र, मिळते. 75 किलोवॅटवर अर्धा तास, मग 100 वर, म्हणजे 125 केव्हीएच्या पूर्ण लोडवर, एक तास, दर दहा मिनिटांनी पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर, फ्रिक्वेन्सी लिहून घ्यायची. 100 किलोवॅटला तासाला अठ्ठावीस लिटरच्या आसपास डिझेल जातं, ते कुणी भरायचं हे आधी ठरवा, नाहीतर टेस्ट तिथेच अडते.

फसलाच असाल, तर दुरुस्तीला हात लावू नका. आधी फोटो, तिसऱ्याच फिटरचा लेखी अहवाल, मग वकिलाची नोटीस. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार सहसा टिकत नाही. दिवाणी दावा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत तक्रार, हे मार्ग उरतात. शीतगृहाने हेच केलं. फोमचा गाळ भरलेला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंचनाम्याला दिला आहे. विक्रेत्याचं म्हणणं, ती धूळ कारखान्यातलीच आहे.