महिला आरोग्य तपासणीचे पॅकेज, ज्यात थायरॉईडच नाही

आमच्या शहरातील एका मोठ्या खासगी लॅबचे महिलांसाठीचे संपूर्ण आरोग्य तपासणी पॅकेज मी गेल्या महिन्यात घेतले. किंमत 1,799 रुपये, घरी येऊन रक्त घेण्याचे शुल्क त्यातच धरलेले. रक्त घ्यायला आलेला मुलगा सकाळी सांगितलेल्या वेळेला, पावणेसातला हजर होता. माझी शीर सहसा सापडत नाही, पण त्याने एकाच टोचणीत काम केले आणि प्रत्येक नळीवर माझ्यासमोरच नाव लिहिले. संध्याकाळी सातच्या आत रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. इथपर्यंतच्या सेवेला नाव ठेवायला जागा नाही.

माझा आक्षेप पॅकेजच्या यादीबद्दल आहे. हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, लोह, ड जीवनसत्त्व आणि बी-12 हे सारे त्यात आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाची तपासणी, मात्र नाही. ती तपासणी हवी असल्यास वेगळे 350 रुपये भरावे लागतात, आणि ही सोय आहे हेदेखील बुकिंग करताना कोणी सांगत नाही. माझी नणंद दहा वर्षे थायरॉईडची गोळी घेते. तिने फोनवर आग्रहच धरला म्हणून मी ती तपासणी जोडून घेतली. एरवी मीही ती केली नसती.

रिपोर्टमध्ये दोन आकडे लाल रंगात होते, हिमोग्लोबिन कमी आणि कोलेस्टेरॉल जास्त. पुढे छापील सल्ला होता की हिरव्या पालेभाज्या खाव्यात, तेलकट टाळावे, रोज चालावे. शेवटच्या पानावर, जोडून घेतलेल्या तपासणीत, टीएसएच 24.6 होता, लॅबनेच दिलेली वरची मर्यादा साधारण 4 ची आहे. नंतर माझ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की थायरॉईड मंदावली की कोलेस्टेरॉल वाढू शकते, पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो आणि त्यातून हिमोग्लोबिन उतरू शकते. म्हणजे मूळ पॅकेजवर थांबले असते, तर परिणाम लाल अक्षरांत हातात आले असते आणि त्यांचे कारण कोणी शोधलेच नसते. गेली दोन वर्षे माझे नेमके तेच होत होते. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, सकाळी चेहऱ्यावर सूज, केस गळणे ही सगळी गाऱ्हाणी मी वेगवेगळ्या दवाखान्यांत सांगितली. उत्तरे ठरलेली होती : रक्त कमी आहे, चाळिशी आली आहे, फार विचार करू नका.

लॅबच्या फॉर्मबद्दलही लिहायला हवे, कारण ही चूक एका ओळीत सुधारता येण्यासारखी आहे. गरोदर आहात का, थायरॉईडची गोळी चालू आहे का, बायोटिन हे केसांसाठी घेतले जाणारे जीवनसत्त्व घेता का, यांपैकी एकही प्रश्न त्यात नाही. केस गळतात म्हणून औषधाच्या दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणणाऱ्या बायका मी घरोघरी पाहते. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही पद्धतींच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी दिसू शकतो, म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात. ज्या बाईचे केस थायरॉईडमुळेच गळत आहेत, तिचाच रिपोर्ट त्या गोळीमुळे फसवा येऊ शकतो, हे मला फार अस्वस्थ करते.

पॅकेजमध्ये फोनवरचा डॉक्टरी सल्लाही आहे. तो चार मिनिटे चालला आणि लाल आकड्यांवरच संपला. टीएसएचचा विषय मलाच काढावा लागला. लोहाची गोळी लगेच सुरू करा असे सांगितले गेले, पण ती आणि थायरॉईडची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे लागते, हे मला पुढे माझ्या डॉक्टरांकडून कळले.

दोष एकट्या लॅबचा नाही, कारण सरकारी याद्याही अशाच आहेत. तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो, थायरॉईड येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत हिमोग्लोबिन, साखर व रक्तदाब मोजला गेला. थायरॉईडबद्दल मात्र त्रास आहे का एवढेच विचारले गेले, आणि ज्या बाईची कधी तपासणीच झालेली नाही ती त्यावर काय सांगणार? गरोदरपणासाठी केंद्राच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, पण त्यांतही जोखीम असलेल्या स्त्रियांचीच तपासणी सुचवलेली आहे. वास्तविक पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतील 5,376 प्रौढांच्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हायपोथायरॉईडिझमचे, म्हणजे थायरॉईड मंदावण्याच्या आजाराचे, प्रमाण स्त्रियांमध्ये जवळपास 16 टक्के आणि पुरुषांमध्ये 5 टक्के आढळले, आणि एकूण बाधितांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना आपल्याला हा आजार असल्याची कल्पनाच नव्हती. 1962 पासून गलगंडाचा कार्यक्रम चालवून आपण मिठात आयोडीन आणले, ते उत्तमच झाले. पण हाशिमोटोसारखा, शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते असा विकार मिठाने आटोक्यात येत नाही.

लॅबला मी लेखी कळवले आहे की महिलांच्या पॅकेजमध्ये ड जीवनसत्त्वाच्या आधी टीएसएच घालावा आणि फॉर्ममध्ये ते तीन प्रश्न वाढवावेत. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. पाचपैकी दोन तारे देते, आणि तेही रक्त घेणाऱ्या त्या मुलाच्या हाताला. हे पॅकेज घ्यायचेच असेल तर टीएसएच जोडून घ्या आणि गोळ्या चालू असतील तर त्या न विचारताच सांगा. गोळी सुरू केल्यानंतर सहा आठवड्यांनी माझी फेरतपासणी आहे. त्यासाठी याच लॅबला बोलावले आहे, पॅकेजशिवाय, फक्त 350 रुपयांच्या त्या एका तपासणीसाठी.