कोकण किनारा, कॅमेरा आणि दोन मार्गदर्शक पुस्तकं: एका मोसमाच्या वापरानंतर

ऑक्टोबर ते मे, अख्खा मोसम ही दोन पुस्तकं गाडीत पडून होती. एक इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, किनाऱ्यावरच्या निसर्गछायाचित्रणाला वाहिलेलं. दुसरं मराठी, कोकण फिरणाऱ्यांसाठी लिहिलेलं, साध्या कागदावर छापलेलं. त्यात कॅमेऱ्याचं नावही नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सवड मिळेल तसा फिरलो. फोटोंसाठी जास्त कामाला आलं ते मराठीच.

इंग्रजी पुस्तकात प्रत्येक ठिकाणाचा पानभर फोटो आणि खाली शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ ही कॅमेऱ्याची सेटिंग. दिसायला झकास. पण ‘एफ ११, अर्धा सेकंद’ कळून करायचं काय, जर त्या फोटोतला खडक मी पोचतो तेव्हा पाण्याखाली असेल? आख्ख्या पुस्तकात भरती-ओहोटीचा विषय ‘आधी वेळा तपासा’ एवढ्यावर उरकलाय. मराठी पुस्तकात मात्र शेवटी अर्ध्या पानात कोळ्यांचा हिशेब दिलाय: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, मग दर तिथीला साधारण पाऊण तास पुढे.

याचा फोटोवाल्याला अर्थ काय? पुनवेला-अवसेला भरती बाराला, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, ऐन सूर्यास्ताला. त्यातून उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी लांब ओसरतं. खडक उघडे पडतात, ओल्या पुळणीत सगळं आभाळ उतरतं. अष्टमीला नेमकं उलटं: सहाच्या सुमारास भरती, पण भांगाची, जोर कमी. खडक अर्धे बुडालेले आणि त्यांच्याभोवती पाणी खेळतंय असा लांब एक्स्पोजरचा, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला, फोटो हवा असेल तर तो दिवस धरावा. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे बरा जुळतो. मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते, ते पुस्तकात नाही. ठोकताळा म्हणून ठीक, पाण्यात उतरण्याआधी त्या बंदराचं वेळापत्रक बघाच. आता मी सुट्टी टाकतानाच कालनिर्णय उघडतो आणि घरच्यांना वाटतं, कसला उपास आहे.

हरिहरेश्वरला या दोन पुस्तकांतला फरक सरळ दिसतो. देवळामागून प्रदक्षिणेच्या वाटेने दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या पायऱ्या उतरलं की खाली खडकाचा सपाट पट्टा लागतो. कड्याच्या अंगावर खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी कोरलेली भोकंच भोकं, आणि तिरक्या उन्हात प्रत्येक भोकात वेगळी सावली. इंग्रजी पुस्तकात या जागेचा सुरेख फोटो आहे, सोबत सल्ला, ‘वाइड लेन्स घेऊन पाण्याच्या जवळ जा.’ मराठीत पहिलंच वाक्य: ही वाट फक्त ओहोटीची. तिथे लाटेने ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. नुसता ‘जवळ जा’ असा सल्ला छापायची ही जागाच नव्हे.

दुसरी तक्रार उजेडाची. इंग्रजी पुस्तकातले सगळे जलदुर्ग नारिंगी आभाळासमोर काळेकुट्ट. पश्चिम किनारा म्हणजे सूर्यास्त, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. खरं तर जंजिरा घ्या किंवा हर्णैचा सुवर्णदुर्ग, दरवाजा जमिनीच्या बाजूला, पूर्वेकडे. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येऊन तटावर पडतं, तेव्हा दगडाचा सांधा न् सांधा दिसतो. संध्याकाळी उरते ती नुसती बाह्यरेषा. शिवाय सूर्य वर्षभर एकाच जागी बुडत नाही. डिसेंबरात पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला, जूनमध्ये जवळपास तेवढाच उत्तरेला. पुस्तकातल्या फोटोत सूर्य समुद्रात बुडतोय, तर त्याच पुळणीवर दुसऱ्या महिन्यात तो डोंगराच्या सोंडेआड जाऊ शकतो. फोटोखाली महिना छापायला कितीशी शाई लागली असती?

मोसमाबाबत दोन्ही पुस्तकं सारखीच ढोबळ: ‘ऑक्टोबर ते मार्च’. ऑक्टोबरात सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत हिरव्याचं सोनेरी होत असतं, हवा धुतलेली. जानेवारीत क्षितिज धुरकट. हे दोन वेगळे फोटो आहेत.

मराठी पुस्तक निर्दोष आहे असं नाही. माझी आवृत्ती जुनी. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला या फेरीबोटींची माहिती आहे, चिपळूणचा किंवा महाडकडचा वळसा वाचतो. पण वेळा बदललेल्या, धक्क्यावर फोन करून विचारलेलं बरं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचा तर पत्ताच नाही. कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती मला गावातल्या माणसाने दाखवला. रेषा उथळ, त्यामुळे दुपारी जाऊन काही हाती लागत नाही. सूर्य खाली असतानाच सावली धरतात. नकाशे हाताने काढल्यासारखे, आरे-वारेचा घाट तर चुकीच्या बाजूला वळवलाय.

इंग्रजी पुस्तक घ्यावं का? फिल्टरवरचं प्रकरण उत्तम आहे, पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, ओल्या जांभ्याचा लाल कसा खुलवतो ते उदाहरणासकट दाखवलंय. खाऱ्या हवेत सामान कसं जपायचं हेही नीट लिहिलंय. त्यात वाचल्यापासून मी ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री सुटे करून गोड्या पाण्याने धुतो. आधीच्या ट्रायपॉडचे आटे वाळूने खाल्ले होते, हा अजून सुरळीत फिरतोय. पण एवढ्यासाठी पूर्ण किंमत मोजू नका, कुणाकडून दोन दिवस मागून आणा आणि ती दोन प्रकरणं वाचून परत करा.