दाखवला एक, आला दुसरा: शिसवी सोफ्याचे 1,46,000 रुपये

आकडा आधीच सांगून टाकला. आता फोड देतो, सवय आहे. आगाऊ 40,000, यूपीआयने. पॉलिश आणि वेताच्या विणकामाचे 17,000, तेही यूपीआयने, पण भलत्याच कुणाच्या नावावर. 85,000 रोख. टेम्पोचे 3,500. आणि सामान चढवणाऱ्या पोरांना खुशीने दिलेले 500. त्या पाचशेचा राग सगळ्यात जास्त येतो, का ते पुढे येईलच.

मी 31 वर्षं सरकारी खात्यात हिशेबतपासणी केली. पावतीवर तारीख नसली तर बिल परत पाठवायचो. जावई हे वाक्य सध्या दिवसातून दोनदा ऐकवतो, म्हणून इथे मीच म्हणून घेतो.

निवृत्तीनंतर गोव्यात फोंड्याला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हिला दुकानातला 38,000चा फोमचा सोफा पसंत होता. मीच नको म्हटलं. आजोळी डिचोलीला ओसरीवर शिसवी आरामखुर्ची होती, लांब हातांची, दुपारी आजोबांशिवाय कुणी बसायचं नाही. वाटण्यांत ती कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही. तसं काही घरात असावं, एवढीच हौस. हौस हा गुन्हा आहे का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. सासष्टीतलं जुनं घर, वारस पोर्तुगालला, सगळं ‘लगेच काढायचं’. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मीही ऐकली होती. तरी गेलो.

घर खरं होतं. सोफाही खरा होता, आणि तिथेच मी अडकलो. तीन माणसांचा कानापे म्हणजे सोफा, दोन खुर्च्या, कोरीव पाठ, आत पिवळटलेला वेत. उजव्या हातावर जुन्या रुपयाएवढा जळका डाग. “पणज्याचा चिरूट,” विकणारा म्हणाला. खाली वाकून बघावं म्हणून मी एक टोक उचलायला गेलो, तर जागचं हललं नाही. तो हसला. “पात्रांव, चार जण लागतात. शिसव आहे ती, दीडशे वर्षांची.” मग चंदीगडचा विषय काढला. वास्तुकार पिएर जनरेने तिथल्या कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवान आणि वेताच्या खुर्च्या सरकारने भंगारात काढल्या आणि परदेशात लिलावात लाखांना गेल्या, हे मला माहीत होतं. खरंच आहे ते. सरकारी भंगाराच्या निविदा जन्मभर तपासलेल्या माणसाला ही गोष्ट कशी झोंबते, हे त्याने माझ्या तोंडावर वाचलं असणार.

1,25,000 ठरले. वेत सैल आहे, आमचा माणूस विणून पॉलिश करून तीन आठवड्यांत घरी पोचवेल, म्हणाला. आगाऊ रकमेची पावती साध्या कागदावर: ‘जुने सामान, 40,000’. तारीख नाही. होय, तारीख नाही.

घेतलेली जुनी वस्तू दुरुस्तीसाठी विकणाऱ्याच्या हाती ठेवू नका. ठेवलीच तर आधी उलटी करून आतल्या बाजूला आपली सही करा, फोटो काढा.

जून. पाऊस लागलेला. टेम्पोतून दोन पोरं उतरली, विशी-बाविशीची. एकाने पुढून धरलं, दुसऱ्याने मागून, आणि तीन माणसांचा तो सोफा दोन मजले एका दमात वर. लिफ्ट नाही आमच्याकडे. वळणावर एकाने एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने मोबाइल खिशात सारला. मी दारात उभा राहून हे बघितलं. महिन्यापूर्वी ज्याचं टोक मला हललं नव्हतं ते लाकूड पाटासारखं वर येत होतं, आणि माझ्या डोक्यात आलं काय, तर “वा, काय ताकदीची पोरं!” पाचशेची नोट काढून दिली. ही आतून म्हणाली, “हलका दिसतोय हो.” मी म्हटलं, “पॉलिशला सुकवलाय.” पॉलिशला सुकवलाय! हे मी बोललो.

मग उजवा हात बघितला. डाग जागेवर. समाधान झालं, 85,000 मोजून दिले. सगळं घासून नवं पॉलिश केलं तर डाग जशाचा तसा कसा राहिला, हे डोक्यात यायला गणेश चवथ उजाडली.

चवथीला मुंबईहून साडू आले. पंगतीनंतर सोफ्यावर टेकले आणि मधला वेत चौकटीतून सबंध सुटून साडू खाली. लेकरं हसली. मी हसलो नाही. सोफा उलटा केला.

जुन्या कामात चौकटीला भोकांची रांग असते, वेताची एकेक काडी त्यातून ओवलेली असते. इथे यंत्रावर विणलेलं तयार कापड खाचेत गोंदाने दाबलेलं, पावसाच्या दमटपणाने सुटलेलं. सांध्यांना चौफुली खाचेचे स्क्रू. ते निघालेच 1930च्या दशकात, दीडशे वर्षांच्या सोफ्यात कुठून आले? ओळखीच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, खालून पटाशी मारली, आत फिकट गुलाबी लाकूड. “सिल्वर ओक. सगळं मिळून पंचवीस हजार,” म्हणाला, तेही माझ्यावर दया करून. पैसे मोजण्याआधीच मेस्ताला सोबत न्या, माझ्यासारखं नंतर नको.

त्या घरी गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, “ताणीं घर दोन म्हयन्यांक भाड्यान घेतिल्लें.” खरा कानापे घरमालकाचा, तिथेच आत आहे. तो किती जणांना दाखवून झाला, देव जाणे.

आता पोलीस. आमच्या ठाण्यात म्हणाले, घर सासष्टीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे फोंड्यातून गेले, माल फोंड्यात उतरला, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 तेच सांगतं. मी ते छापून नेलं होतं. हवालदाराने कागदावर चहाचा पेला ठेवला. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. “काका, हा दिवाणी मामला.” मी म्हटलं, ही 420 आहे. “420 गेलं, आता नव्या न्याय संहितेत 318.” एवढं ठाऊक आहे तर लावा की! “वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? आणि अडीच महिने काय करत होता?” बसत होतो, साहेब. सोफ्यावर. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर 1930, त्यावर फोन केला, तर माणूस प्रत्यक्ष भेटलेला, मग सायबर कसलं? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. 85,000 रोखीचे, ते तर जगाच्या हिशेबात कधी झालेच नाहीत. एका कचेरीतल्या बाईंनी, “एवढा महागाचा घ्यायचाच कशाला?” असं विचारलं. चोरीला गेलेल्या मंगळसूत्राबद्दलही हेच विचारतात का?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. 17,000 ज्याच्या खात्यात गेले त्यालाही प्रतिवादी केलंय, विकणाऱ्याचं नाव-गाव त्याच्याकडूनच निघेल. दुसऱ्या नावावर पैसे मागितले की तिथेच उठा, हेही आता सुचतंय. आणि कुणी शंभर वर्षांवरचा माल विकतो म्हणत असेल तर परवाना मागा: 1972च्या पुरावस्तू कायद्याने असा धंदा करायला तो लागतो. मी विचारलं असतं तर त्याने विषय बदलला असता, आणि मीही बदलू दिला असता बहुतेक.

यंदा मे-जूनमध्ये सासष्टीतल्या तसल्या घरातून कुणी वेताचा सोफा घेतला असेल, तर उजवा हात बघा. रुपयाएवढा जळका डाग असला तर मला कळवा. दोन तक्रारी झाल्या की दिवाणी मामला म्हणणं त्यांना जड जाईल. पुढची तारीख 14 तारखेला आहे, तोवर सोफा उलटाच ठेवलाय.