१०० मिमी मॅक्रो लेन्स : नऊ महिने, पानांच्या शिरा आणि भेगाळलेला चिखल

ही मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स घेतली तेव्हा डोक्यात एकच आकडा होता, १:१. म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटणार. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) क्रॉप, म्हणजे लहान आकाराचा, २३.५ × १५.६ मिमीचा. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यानं अख्खी चौकट भरणार, या कल्पनेनंच मी हरखून गेले होते. नऊ महिन्यांत निवडून ठेवलेले फोटो परवा एकत्र पाहिले, एकसष्ट निघाले. त्यातले पूर्ण १:१ वर काढलेले किती? चार. बाकीचे बहुतेक १:३ ते १:५ च्या आसपासचे, म्हणजे वस्तू तिच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याएवढी उमटलेली. दहा-बारा तर असे की त्यात मॅक्रोचा संबंधच नाही, चांगली १०० मिमीची लेन्स म्हणून ती वापरली एवढंच.

कीटकांचे डोळे टिपणाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल. मी लिहितेय ते रेषांच्या मागे लागलेल्यांसाठी: शिरा, भेगा, वलयं, वाळूवरच्या लहरी, खोडाच्या साली.

नक्षी दिसायला ती पुन्हा पुन्हा यावी लागते. सुकलेल्या चिखलावर १:१ लावलं की चौकटीत एक भेग येते, फार तर भेगेचं एक वळण. ते खडकातली दरी म्हणूनही खपेल. तेच मागे सरकून १:३ वर आलं की साधारण तळहाताएवढी जागा दिसते आणि मग भेगा एकमेकींना कुठे, कशा भेटतात ते कळतं. खरी गंमत तिथे आहे. चिखल पहिल्यांदा सुकतो तेव्हा एक भेग आधी पडते आणि नंतरची भेग तिला येऊन काटकोनात धडकते, इंग्रजी टी अक्षरासारखी. तोच चिखल अनेकदा भिजला आणि सुकला की सांधे हळूहळू सरकतात, तीन भेगा साधारण १२० अंशांवर भेटायला लागतात आणि तुकडे षटकोनाकडे झुकतात. थंड होत गेलेल्या लाव्हाचे खांबही याच आकाराकडे जातात. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. हे वाचल्यापासून मी डबक्याच्या काठावर आधी सांधे बघते. काटकोन दिसले तर चिखल नवा, इंग्रजी वाय अक्षरासारखे सांधे दिसले तर जुना मुरलेला. जुना फोटोत जास्त चांगला दिसतो, हे माझं मत.

१:१ टाळण्याचं दुसरं कारण खोलीचं, म्हणजे डेप्थ ऑफ फील्डचं. माझ्या सेन्सरवर १:१ ला एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा पाऊण मिलिमीटरही भरत नाही. १:३ ला तोच पट्टा जवळपास चार मिलिमीटर होतो. पान कितीही सपाट वाटलं तरी चार मिलिमीटर आणि पाऊण मिलिमीटर यांतच फोटो राहतो किंवा जातो. बरं, अ‍ॅपर्चर म्हणजे हे छिद्र बारीक करत जावं तर १:१ ला एफ ८ ही जवळजवळ एफ १६ सारखी वागते, प्रकाशाच्याही आणि विवर्तनाच्याही (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरून फोटो मऊ होतो त्याच्या) बाबतीत. एफ १६ वर ठेवून काढलेली फुलपाखराच्या पंखाची माझी पहिली मालिका मऊ पडली ती यामुळे, आणि मी दोन आठवडे लेन्सलाच दोष देत होते. (पंखावरचे खवले साधारण एक दशांश मिलिमीटरचे. १:१ ला ते कौलांसारखे रचलेले आहेत याची चाहूल लागते, एकेक कौल सुटं दिसत नाही. त्याहून पुढे जायचं तर ही लेन्स पुरत नाही.)

म्हणून सगळा जीव एका गोष्टीत: सेन्सर आणि वस्तूचा पृष्ठभाग समांतर हवेत. डोळ्याला समांतर वाटणं आणि खरंच समांतर असणं यात केवढं अंतर आहे, ते मला साल टिपताना कळलं. डावी कड कोरल्यासारखी, उजवी कड धुक्यात. आता मी खिशात एक छोटा सपाट आरसा ठेवते. चिखलावर किंवा सालीवर आरसा टेकवायचा, ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यातून पाहायचं आणि लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. मग आरसा अलगद काढून घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे. ओल्या चिखलावर मात्र करू नका, आरशाचा ठसा राहतो आणि मग तोच फोटोत येतो.

आता ऑटोफोकस. पहिले दोन महिने माझी खात्रीच झाली होती की लेन्स बिघडलेली आली आहे. वाळूवरच्या लहरींसमोर ती पुढे-मागे, पुढे-मागे घरघरत राहायची आणि शेवटी हात टेकायची. सालीवर मात्र पटकन लागायचा फोकस. मग एकदा कॅमेरा उभा धरला आणि वाळूवरही झटक्यात लागला! दोष लेन्सचा नव्हताच. सेन्सरवरचे फोकस शोधणारे फेज डिटेक्ट बिंदू अनेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत उभ्या कडाच ओळखतात. नुसत्या आडव्या रेषा समोर असल्या की त्यांना धरायला काही सापडत नाही. उपाय साधा आहे: कॅमेरा जरा तिरका करायचा, फोकस लागला की कुलूप लावायचं, मग सरळ करायचं. मॅक्रोच्या अंतरावर एवढ्या हालचालीनंही फोकस सरकतो, म्हणून जवळच्या कामाला मी मॅन्युअलवरच राहते. फोकसची कडी छान जड आहे, अर्धा सेंटिमीटर फिरवली तरी फरक कळतो. लेन्सचं हे अंग मला मनापासून आवडलं.

प्रकाशाबद्दल लेन्सच्या परीक्षणात काय लिहायचं असं वाटेल, पण ही लेन्स प्रकाशाची चूक माफ करत नाही. वाळूच्या लहरी दुपारी बारा वाजता म्हणजे नुसता भुरा कागद. सकाळी पहिल्या तासात तिरप्या उन्हात तीच वाळू उठून दिसते. वाऱ्यानं केलेल्या लहरींची वाऱ्याकडची बाजू उतरती आणि पलीकडची खडी असते, त्यामुळे ऊन खड्या बाजूच्या मागून आलं की सावलीची रेघ कापल्यासारखी पडते. भरती-ओहोटीच्या पाण्यात लाटांच्या येण्या-जाण्यानं झालेल्या लहरी दोन्हीकडून सारख्या असतात, त्यांचा फोटो शांत येतो. पानांना याच्या उलट, उजेड मागून हवा. नेच्याचं पान, केळीचं पान, कुठलंही पातळ पान आकाशासमोर धरलं की शिरांचा नकाशा आपोआप दिसतो. केळीच्या समांतर शिरा आणि पिंपळाचं जाळं एकाच दिवशी काढून शेजारी ठेवले, तेव्हा एकदलिकित-द्विदलिकित हा शाळेतला धडा इतक्या वर्षांनी डोळ्यांत शिरला.

ओल्या पानांवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर हवाच. चकाकी उडाली की खालची नक्षी वर येते. दीड-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश खातो, पण ट्रायपॉड असल्यावर ते परवडतं. वारा मात्र नाही परवडत. सूर्यफुलाचं तबक मधे फुगीर असतं, त्यामुळे मधल्या कळ्या आणि कडेची बीजं एका फोटोत स्पष्ट मिळायला फोकस स्टॅकिंग करावं लागतं, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढून ते एकत्र जोडायचे. बागेत केलेले सगळे प्रयत्न फसले. बावीस फोटोंत फूल बावीस जागी. शेवटी वाळलेलं तबक घरात आणून खिडकीशी ठेवलं. पडद्यावर मोठं करून सर्पिल मोजले, एका दिशेला ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५. दोन्ही फिबोनाची मालिकेतले (प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज असते ती). नवं बीज आधीच्यापासून साधारण १३७.५ अंश वळून उगवतं, त्यातून हे जमतं. मोजायला पाऊण तास लागला, दोनदा चुकले. रंगीत पेन्सिलीनं छापील प्रतीवर मोजा, पडद्यावर नको.

कार्ल ब्लॉसफेल्टची आठवण इथेच येते. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमधला हा कलाशिक्षक स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं देठ, कोंब, नेच्याच्या गुंडाळ्या कित्येक पट मोठ्या करून टिपत होता. मागे साधा कोरा पडदा, मऊ उजेड, बस्स. त्याची छायाचित्रं पाहिल्यावर मी दोन सवयी सोडल्या. एक, पार्श्वभूमी धूसर करण्याचा हव्यास. दुसरी सांगायला लाज वाटते. नक्षीत काहीतरी वेगळं हवं असं सगळीकडे वाचून पहिल्या महिन्यात मी एक पिवळं पान नेऊन वाळूच्या लहरींवर ठेवलं होतं. तो फोटो अजून आहे, दाखवत नाही कोणाला.

पिसांबद्दल एक सूचना. पिसाचे बारीक तंतू आणि सेन्सरची जाळी यांची जुगलबंदी झाली की पिसावर नसलेले रंगीत पट्टे फोटोत येतात, मोआरे म्हणतात ते. लेन्स जितकी तीक्ष्ण तितका हा त्रास जास्त, आणि ही लेन्स तीक्ष्ण आहे. किंचित जवळ किंवा किंचित लांब जा, पट्टे जातात.

तक्रारी आहेत. सोबत आलेला हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं, बाजूचं ऊन अडवणारं कडं) इतका खोल की १:१ ला तो वस्तूवर सावली पाडतो. माझा कायम बॅगेत असतो. स्थिरीकरणाची, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीची जाहिरात मोठी, पण अगदी जवळ गेल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे आपण पुढे-मागे डोलतो आणि ते डोलणं त्याच्या हिशेबात धरलेलं नसतं. कोळ्याचं दवभरलं जाळं हातात कॅमेरा धरून काढायचा नाद मी सोडला. ट्रायपॉड, मागे गडद झाडी, सूर्य जाळ्याच्या पलीकडे थोडा बाजूला, आणि वारा थांबायची वाट. अशा वेळी अर्ध्या तासात तीन फोटो मिळाले तरी पुष्कळ.

सगळ्यात मोठी तक्रार फोकस लिमिटरच्या बटणाची. फक्त जवळचं अंतर, फक्त लांबचं, की पूर्ण, हे ठरवणारं ते सरकतं बटण. सहाव्या महिन्यात ते सैल पडलं. बॅगेतून काढताना स्वतःच सरकतं आणि मग समोरच्या सालीवर फोकस का लागत नाही म्हणून मी पाच मिनिटं झगडते. दुरुस्तीला दिली, तीन आठवड्यांनी परत आली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, तपासली, दोष आढळला नाही. बटण तेवढंच सैल. आता त्यावर कागदी चिकटपट्टी लावली आहे. दमट हवेत ती दर दहा-बारा दिवसांनी सुटते, म्हणून पट्टीची गुंडाळी आरशाशेजारीच ठेवते.